दादासाठी पाय

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा आज वर्कशॉपमध्ये आला. माझ्या वर्कशॉपमध्ये!

मी एका साच्यावर वाकून कानस मारत होते. कुबड्यांची टकटक दिवसाला वीस वेळा ऐकते, म्हणून मान वर केली नाही. मामा म्हणाले, "अगं, बघ तरी कोण आलंय." बघितलं आणि हातातली कानस खाली ठेवली.

(मामा माझे सख्खे मामा नव्हेत. प्लॅस्टरचं काम करतात, तीस वर्षं झाली. इथे ते सगळ्यांचेच मामा.)

आठ महिने मी आईकडे जेवायला गेले की हा आतल्या खोलीत जाऊन बसतो. आज समोर बसला. कडक इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. पँटचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून आतून शिवलेला, एक टाका दिसत नव्हता. स्वतःच शिवला असणार. माझ्याकडे न बघता मामांना म्हणाला, "पाय करायचाय. इथलं काम चांगलं असतं म्हणतात."

म्हणतात!

मी विचारलं, "टोकाला दुखतं का अजून?"

तो मामांना, "तिला सांगा, नाही दुखत."

"आग होते? मुंग्या?"

"सांगा, होतात कधीमधी."

मामा बिचारे! एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटी म्हणाले, "माझी मान अवघडली बुवा." कोणी हसलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. "कोणी पाठवले" या रकान्यात त्याच्या वळणदार अक्षरात — स्वतः.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवी वही आहे, तर एकदा लिहून टाकते. मग परत नको.

गेल्या जूनमध्ये दादाचा डावा पाय मालाच्या ट्रकखाली आला. पोटरीचा चेंदामेंदा. तो बेशुद्ध. आई मावशीकडे गेलेली, पोचायला दुसरा दिवस उजाडणार. कागद माझ्यापुढे आला. गुडघ्याखाली कापायला सही मी केली. पाय वाचवत बसलो असतो तर माणूस गेला असता — आईला मी हेच सांगितलं, सगळ्यांना हेच सांगितलं.

शुद्धीवर आल्यावर त्यानं एकच विचारलं, "सही कुणाची?" नर्सनं सांगितलं. तेव्हापासून माझ्याशी तोंडाला कुलूप.

आणि पाय गेला तो कुणाचा? अकरा वर्षं सुटांच्या दुकानात आहे तो. नुसता विक्रेता नाही, दुकानाचा चेहरा! काचेतल्या मोठ्या फोटोत तोच. दर मोसमाला नवीन कपड्यांचा शो होतो, त्यात सगळ्यात आधी चालत येणारा तोच. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आता मागच्या गोदामात शर्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज साचा घेतला. प्लॅस्टरची ओली पट्टी गुंडाळली की ती घट्ट होईपर्यंत स्टंप — म्हणजे गुडघ्याखाली उरलेला पाय — दोन्ही हातांत दाबून धरावा लागतो. शेकड्यांनी धरलेत मी. आज दोनदा पकड बदलावी लागली.

मामा हळूच म्हणाले, "मी धरू?"

"नको."

दादा छताकडे बघत होता. चार मिनिटं. प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं, ती ऊब आम्हा दोघांनाही लागत होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कातडीच्या रंगाच्या पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या. सहा छटा. आमच्याकडे सगळे हेच घेतात — फोमची पोटरी, वर त्या रंगाचा मोजा. लांबून कळत नाही.

"तिला सांगा, मला मोज्यांचं दुकान नाही काढायचं."

मग बराच वेळ बोलला. सगळं मामांकडे बघून, पण बोलला! पाच एप्रिलला दुकानाचा शो आहे. मालक म्हणालेत, चालायचं तर चाल, पण पाय खोटा आहे हे कुणाला कळता कामा नये, नाहीतर गोदाम आहेच. "मालकांचं मी बघतो. तिला सांगा, मला लपवायचा पाय नकोय. सुटाला शोभेल असा हवाय. खोटा आहे हे खुशाल दिसू दे. पण चांगला शिवलेला दिसू दे."

शिवलेला! असा शब्द आमच्या धंद्यात कुणी वापरला नसेल.

मामांनी विचारलं, "दीड महिन्यात चालायचं म्हणजे मेहनत आहे हं. आहे तयारी?"

"एका पायावर तयार आहे."

मामा हसले आणि दचकून थांबले. मला मात्र आवरेना. त्यानं पाहिलं. ओठाचा कोपरा जरासा हलला — हलला की मला वाटलं, कोण जाणे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस संगणकापुढे. त्याचा उजवा पाय स्कॅन केला, आरशात दिसतो तसा उलटा केला — झाली डावी पोटरी. पण नुसती पोटरी म्हणजे दुकानातल्या पुतळ्याचा पाय! जीवच नाही.

मग तो आला. त्या पोटरीचा मी केलेला प्लॅस्टरचा पाय पुढे ओढला, खिशातून शिंप्याचा खडू काढला आणि एका दमात रेघ मारली — गुडघ्याच्या आतून निघून पोटरीवरून तिरकी, बाहेरच्या घोट्यापर्यंत. कोटाची कॉलर वळते ना, तशी. कुठे अडखळली नाही. खडू खिशात टाकला आणि गेला.

त्या रेघेला धरून पाच लांब फटी पाडल्या. वर रुंद, खाली निमुळत्या. अंगाचा भार घेणारा आतला काळा दांडा त्यांतून दिसेल. दिसू दे.

पहिला नमुना मामांच्या हातात तडकला. दुसरा मजबूत, पण बादलीसारखा. तिसऱ्यात फटींच्या कडा आतून जाड केल्या — काजाला दोऱ्याची कड असते तशा. त्यावर मामा उभे राहिले. हलला नाही!

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिल्यांदा उभा राहिला. अजून नुसता सांगाडा — स्टंप बसतो ती वाटी, खाली दांडा, खाली पाऊल. सिलिकॉनचं आवरण स्टंपवर चढवलं, वाटीत घातला, खटका वाजला. दोन्हीकडच्या दांड्या धरून उठला.

त्याची उंची विसरले होते मी. आठ महिन्यांत खाली बघून बोलायची — बोलायची कसली, खाली बघायची सवय झाली होती.

फिजिओ बाईंनी बजावलं, "पहिला आठवडा दिवसाला दोन तास. वर एक मिनिट नाही. रोज आरशात मागची बाजू बघायची. लाल दिसलं की पाय काढायचा आणि इथे यायचं." तो हो हो म्हणाला. त्याचं हो हो मला माहीत आहे.

४ मार्च, मंगळवार

आईचा फोन. "घरी पाय काढतच नाही गं. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. फरशी झिजेल माझी."

दादाला विचारलं. "तिला सांगा, काढतो वेळेवर."

१२ मार्च, बुधवार

पाय झाला. काय लिहू! गडद हिरवा, जवळजवळ काळा. उजेडात आला की हिरवा. फटींच्या कडांना तांब्याची बारीक रेघ. पोटरीला त्याच्याच पोटरीचा उठाव. घोट्याशी मी तो किंचित बारीक केलाय, बूट घातला की रेघ सरळ बुटात उतरते.

दादानं मांडीवर घेतला. कडेवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं आता काढणार खोट.

"शिवण बरोबर बसलीय," म्हणाला. मामांना. पण मामा तेव्हा खोलीत नव्हतेच!

संध्याकाळी दुकानाचे मालक आले बघायला. हाताची घडी घालून पायाभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, "पँट कुठपर्यंत कापायची?" म्हणजे जिंकलो!

१८ मार्च, मंगळवार

चालतो छान. जिन्यावरही. पण काहीतरी बिघडलंय. डाव्या पायावर क्षणभर कमी टेकतो. बघणाऱ्याला ऐट वाटेल. मला नाही वाटत.

"टोचतंय का?"

"तिला सांगा, नाही."

२१ मार्च, शुक्रवार

त्याच्या पिशवीतून स्टंपचा मोजा खाली पडला. घडी घातलेला. उलटा केला. आत तपकिरी डाग, मसुराएवढा. त्याच्या बाजूला एक जुना, धुऊनही न गेलेला.

पुन्हा घडी घालून ठेवला. काही बोलले नाही. का नाही बोलले? घाबरले. दीड महिन्यानं मोडकंतोडकं बोलणं सुरू झालंय, तेवढंच.

२६ मार्च, बुधवार

फिजिओ बाईंची वेळ होती. आला नाही. "दुकानात तालीम आहे." काल फोन केला तेव्हाही तालीम होती. शो दहा दिवसांवर.

२९ मार्च, शनिवार

घोट्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून पाय ठेवून गेला. सोमवारी न्यायचा आहे. स्टंप दाखव म्हटलं तर कुबड्या उचलून चालू पडला.

वाटी साफ करायला घेतली. आत वास होता. घामाचा नव्हे. तो वास मला कळतो. या वासानंतर गुडघ्यासकट पाय गेलेली माणसं मी पाहिलीत.

पाय कपाटात ठेवला. कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

स्क्रू मिळत नाही म्हणून सांगायचं. आठवडाभर सांगत राहायचं. शो होऊन जाईल.

हे बरोबर नाही, कळतंय मला. तरी.

३१ मार्च, सोमवार

तीनदा फोन. तिन्ही वेळा मामांना खोटं बोलायला लावलं. तिसऱ्या वेळी फोन ठेवून मामा म्हणाले, "हे आता तू बोल बाई."

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी साडेदहा. बाहेर बाकावर सहा-सात माणसं बसलेली. कुबड्या आपटत आला, दार ढकललं.

"माझा पाय दे."

मला! मामांना नाही, मला! नऊ महिन्यांतलं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य — आणि ते हे.

"स्क्रू—"

"पाय दे माझा!"

बाहेरचं बोलणं बंद झालं. मी म्हटलं, "नाही देणार."

"परत तूच ठरवणार?"

मामांनी प्लॅस्टरचं घमेलं खाली ठेवलं, बाहेर गेले, दार ओढून घेतलं.

तो धापा टाकत होता. कपाळावर घाम. ताप असेल का, हे मनात आलं आणि त्याच क्षणी मी पर्समधून किल्ली काढली. कुलूप उघडलं. पाय टेबलावर ठेवला. शेजारी लांब दांड्याचा आरसा ठेवला.

"घेऊन जा. पण आधी मागची बाजू बघ."

"मला माहितीये काय आहे ते."

"बघितलंयस?"

बघितलंच नव्हतं त्यानं! दोन आठवडे नुसतं बोटांनी चाचपून मोजा चढवत होता.

मोजा काढायला लागला. चिकटला होता. मी कोमट पाणी आणलं, तो थांबला, पण पुढे तोच सोडवत राहिला. मी हात लावला नाही. आरसा खाली धरला त्यानं. जखम अंगठ्याच्या नखाएवढी. कडा पांढऱ्या, मध्ये ओलं, भोवती लाल.

बराच वेळ बघत होता.

मी सांगितलं. एकेक करून सांगितलं. "आज इथून डॉक्टरांकडे जायचंच, ते काही झालं तरी. शनिवारी चाललास तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित जखम आत जाईल. हाडापर्यंत गेली तर गुडघा जाईल. मला नक्की माहीत नाही. कुणालाच नसतं."

"तू काय करशील?"

"मी नाही सांगणार."

"आता का नाही?"

"पाय तुझा आहे, दादा."

आरसा उलटा करून टेबलावर ठेवला. हिरव्या पायावरून एकदा हात फिरवला. बाहेर कुणीतरी खोकलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी उभी. पाच मिनिटं झाली असतील. मला वाटत होतं, उचलेल आणि जाईल. उचलला तर अडवायचं नाही, असं स्वतःला बजावत होते. दातांनी ओठ फुटला माझा.

मग म्हणाला, "मालकांना काय सांगू, ते तरी सांगशील का?"

मी रडायलाच लागले. तो म्हणाला, "अगं, पुरे. लोक बाहेर बसलेत."

मालकांनी फोनवर ऐकून घेतलं. "बरं. मग दुसऱ्याला घेतो," म्हणाले. एवढंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप निघाला थोडा. महिनाभर पाय घालायचा नाही.

५ एप्रिल, शनिवार

शो झाला. मी शेवटच्या रांगेत. दादाच्या सुटात दुसरा विक्रेता चालला.

दादा पडद्यामागे होता, कुबड्यांवर. एकेकाची कॉलर सारखी करून पुढे ढकलत होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

परत येताना मला म्हणाला, "त्याला खांदेच नाहीत. सूट हँगरवर बरा दिसला असता."

जोरात हसलो दोघं. मग तो खिडकीतून बाहेर बघत बसला, घर येईपर्यंत.

१५ एप्रिल, मंगळवार

जखमेच्या कडा जुळतायत. वाटी नव्यानं करतेय, मागच्या बाजूला जागा सोडून. दादा रोज येऊन बसतो. चुका काढतो. "इथे फुगवटा आलाय बघ." सरळ मलाच. मामा म्हणतात, माझी मान आता बरी आहे!

३० एप्रिल, बुधवार

जखम बंद. फिजिओ बाई म्हणाल्या, दिवसाला एक तास. त्यानं घड्याळ लावलं. घंटा वाजली, काढला! सगळ्यांदेखत काढला.

९ मे, शुक्रवार

दादा स्वतः मालकांकडे गेला होता. काय बोलला सांगत नाही. पण आज दुकानात काचेसाठी फोटो काढले.

सूट गडद राखाडी. पँटची डावी बाजू गुडघ्याखाली कापून खाली रुंद पट्टी मारलेली, उजवी पूर्ण. फोटोवाल्यानं खुर्ची आणली. "पाय जरा खुर्चीमागे घ्या साहेब."

"खुर्ची काढा," दादा म्हणाला.

फोटोवाल्यानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी दादाकडे. मग मालक स्वतः पुढे झाले आणि खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

कपाटांच्या मधल्या वाटेनं चालत आला. एकदा, दोनदा. माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे नव्हतंच, डाव्या टाचेकडे होतं. पूर्ण टेकत होती. प्रत्येक पावलाला. दिव्याखालून गेला की पाय हिरवा व्हायचा, पुढे गेला की काळा. मालक म्हणाले, "परत चाल." आणि परत. सहा वेळा!

शेवटी मागच्या खोलीत मोजा उलटा करून त्यानं आपणहून माझ्यापुढे धरला. कोरडा. पांढरा स्वच्छ.

१६ मे, शुक्रवार

फोटो काचेत लागला. पुरुषभर उंच. संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर उभी राहून पंधरा मिनिटं बघत होते, फोटो नव्हे, लोक. बरेच जण नुसते पुढे जातात. एक माणूस थांबला, इकडेतिकडे बघितलं, आपल्या पँटचा पाय वर घेतला. कातडीच्या रंगाचा मोजा, फोमची पोटरी. एकदा फोटोकडे, एकदा खाली. मग पँट सोडून आत दुकानात शिरला.

१७ मे, शनिवार

आज दादाला सांगितलं. या वहीतही लिहायला हात धजला नव्हता.

जूनमध्ये, मी सही करायच्या आधी, डॉक्टर म्हणाले होते, एक दिवस थांबून बघता येईल. कदाचित पाय वाचेल, कदाचित गुडघाही जाईल. मी थांबले नाही.

तो बुटांना पॉलिश करत होता. ब्रश थांबला नाही.

"माहितीये," म्हणाला. "दवाखान्याची फाईल मी पहिल्याच आठवड्यात वाचली."